तेहतीस अनारसे आणि एक रेघ

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानू नका. पेणपासून रोह्यापर्यंत निदान दोनशे माणसांना मी हे सांगितलं आहे आणि त्यांतल्या एकानेही मानलेलं नाही. एखाद्याने मानलं असतं तर मलाच त्याची काळजी वाटली असती. तरी सांगतो. एका म्हशीला रोह्याच्या केमिकल कंपनीत ऑपरेटरची नोकरी लागता लागता राहिली, आणि राहिली ती फक्त दहावीच्या सर्टिफिकेटापायी. बाकी सगळ्या तपासण्यांत म्हैस पास होती. तपासणारा मी होतो.

मी रघू. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत बावीस वर्षं कंपाउंडर होतो. कंपनीचं नाव घेत नाही, अजून दिवाळीला तिथून मिठाईचा पुडा येतो. दवाखान्याची एक खोली होती. कुणाच्या डोळ्यात काही उडालं की धुवायचं, हातावर सांडलं की धुवायचं, मग डॉक्टर येईपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं. गोष्टी सांगायची सवय मला तिथे लागली. आणि स्पिरिट-फिनेलमध्ये हात बुडवून बुडवून बोटांची कातडी अशी झाली की उकळत्या पाण्यातली सुई काढायला मला चिमटा लागत नाही. बोटांना काही कळतच नाही. हे मात्र खरं आहे, आणि नेमकं हेच कुणी तपासून बघत नाही.

तर गेल्या अधिक महिन्यातली गोष्ट, नव्व्याण्णव सालच्या जेठातली. अधिक महिना जावयांचा. तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारसे द्यावे लागतात. बत्तीस नाही, चौतीस नाही. पेणच्या रामवाडीला माझ्या घरात माझी बायको सीताबाई सकाळपासून तुपाच्या कढईपुढे बसली होती. थोरली सरू खसखशीवर अनारसे थापून तिच्या हातात देत होती. धाकटी नम्रता आत-बाहेर करत होती, कारण तिचा नवरा विशाल लग्नानंतर पहिल्यांदाच वाणाला आला होता आणि ओटीवर पाहुण्यासारखा ताठ बसला होता.

थोरला जावई गोविंदा खांबाला टेकून बसला होता. गोविंदा धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधला माल उतरवायला जातो. त्याचा बाप मिठागरावर होता, त्याच्या बापाचा बापही. बोलतो कमी. विचारलं तर उत्तर देतो, उत्तर संपलं की गप्प बसतो. त्याच्या ताटलीत एक अनारसा होता आणि तो अंगठ्याच्या नखाने वरची खसखस खरवडत होता. हळूहळू, कडेकडेने, एकेक दाणा. सगळी निघाली की मग खायचा. तीन वर्षं झाली, दिवाळीलाही तो अनारसा असाच खातो. सरू ती खरवडलेली खसखस ताटलीतून चिमणीला टाकते. घरात त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

आणि चौथा मुसा. मुसा माझा शेजारी. बारा वर्षं कुवेतला क्रेन चालवून आला आणि आता काही चालवत नाही. त्याला अनारशाचं बोलावणं लागत नाही, तुपाचा वास पुरतो.

विशालने अनारसा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. म्हणाला, "मामा, सोमवारी माझा रोह्याला कॉल हाय. तुमच्याच कंपनीत. तिथं नशापाण्याची टेस्ट घेतात म्हणं. लघवीची. आमच्याकडचा एकजण बोलला, खसखशीनं त्यात कायतरी गडबड व्हते."

आतला झारा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"विचारलंस ना?" मुसा म्हणाला. "आता बस दिवे लागेपर्यंत. तो म्हशीपासून सुरू करणार."

मी म्हशीपासून सुरू करणार नव्हतो, पण मुसाने म्हटल्यावर करावं लागलं. खरं सांगायचं तर गोविंदासमोर ही गोष्ट मी आधी कधी सांगितली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. सणावारी येतो, जेवतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. त्या दिवशी तो तिथे आहे हे मला दिसत होतं. पण गोष्ट एकदा तोंडाशी आली की मला थांबता येत नाही.

शहाण्णवचं साल, मी विशालला सांगायला लागलो. आमच्या कंपनीने बाहेरदेशच्या एका कंपनीशी हातमिळवणी केली आणि नवा प्लांट उभा राहिला. त्यांचं म्हणणं असं की, आमच्या रिअॅक्टरपाशी नशा करणारा माणूस उभा राहता कामा नये. ठीक आहे. पण नशा करणारा ओळखायचा कसा? त्यांच्या देशात म्हणे तीन रीती होत्या. एक लघवीची, एक केसांची, एक घामाची. तिन्हींपैकी आपल्याकडे कोणती चालेल ते ठरवण्यासाठी चौदा जागांना आलेल्या चाळीस उमेदवारांवर तिन्ही करून बघायच्या, असा हुकूम आला. डॉक्टर तपासणार, भरतीचे साहेब हैबतराव सह्या करणार, त्यांचा एक गोरा साहेब खुर्चीत बसून बघणार. आणि बाटल्या, कात्री, चिकटपट्ट्या हे सगळं माझ्याकडे.

घामाची रीत सगळ्यांत सोपी वाटली होती. दंडावर एक चिकटपट्टी लावायची, सात दिवस ठेवायची. सात दिवसांत जो घाम येईल तो पट्टी पिऊन घेते आणि माणूस काय ओढतो, काय पितो ते सगळं सांगते. गोऱ्याच्या देशात हे चालत असेल. इथे आषाढ होता आणि लावणी सुरू होती. चाळीसपैकी तीस जण सात दिवस गुडघाभर चिखलात वाकलेले. पट्ट्या दुसऱ्या दिवशी सुटल्या आणि खाचरांतून वाहत खाडीला गेल्या. त्या वर्षी धरमतरला जाळ्यात जी मासळी आली तिच्यातल्या निम्म्यांच्या कल्ल्याला पट्टी होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"म्हैस," मुसा म्हणाला.

येतो. एक उमेदवार हुशार होता. पट्टी भिजू नये म्हणून त्याने ती गोठ्यातल्या म्हशीच्या कानामागे चिकटवली आणि सातव्या दिवशी काढून परत आपल्या दंडावर लावून आणली. रिपोर्ट आला: गांजा नाही, अफू नाही, दारू नाही, प्रकृती उत्तम, स्वभाव शांत. हैबतराव म्हणाले, असा उमेदवार गेल्या दहा वर्षांत आला नव्हता, घ्या त्याला. गोऱ्याने सही केली. मग त्या मुलाला लाज वाटली आणि त्याने खरं सांगितलं. तर हैबतराव म्हणाले, म्हैस दहावी आहे का? नसेल तर नियमात बसत नाही.

विशाल हसला. नम्रता दारात होती, तीही हसली. गोविंदाने खरवडलेला अनारसा मोडून अर्धा तोंडात टाकला.

दुसरी रीत केसांची. डोक्याच्या मागच्या बाजूने पेन्सिलीएवढी जाड बट मुळापासून कापायची, कागदात गुंडाळायची आणि विमानाने पाठवायची. केस महिन्याला अर्धा इंच वाढतो. त्यामुळे दीड इंचाच्या केसात माणसाचे मागचे तीन महिने असतात. डॉक्टर सांगायचे, रघू, लघवीला फक्त काल-परवाचं आठवतं, केस विसरत नाही. लघवी दोन दिवसांची सोबतीण, केस घरचा माणूस. पण उत्तर यायला चाळीस दिवस. आणि डोक्यावर केस असावे लागतात. नागोठण्याचा एक उमेदवार पूर्ण टकला होता. तो गेला न्हाव्याकडे, खालचा सगळा कचरा गोळा करून घेऊन आला आणि म्हणाला, हे माझे, परवाच कापले. आम्ही पाठवले. चाळीस दिवसांनी रिपोर्ट आला की, हा इसम विडी, गांजा, ताडी तिन्ही घेतो, एकही घेत नाही, वय अकरा ते ऐंशी, आणि बहुतेक गरोदर आहे.

"मागच्या खेपेला त्याला जुळी होणार होती," मुसा म्हणाला.

मी म्हटलं, तेव्हा रिपोर्ट नीट वाचला नव्हता.

"आमच्या कुवेतच्या मेडिकलला असं काय नव्हतं. छाती ठोकली, रक्त काढलं, जा म्हणाले."

"म्हणून तर तुला घेतला," मी म्हटलं. "केस पाठवले असते तर विमान मुंबईलाच परत फिरवलं असतं."

विशालला आता गोष्ट आवडायला लागली होती, पण अनारसा अजून ताटलीतच होता. नव्या जावयाने असं करणं सीताबाईला आतून दिसत असणार. तो म्हणाला, "मग लघवीवरच येऊन थांबलं?"

लघवीवरच. स्वस्त, झटपट, पाच मिनिटांत निकाल. बाटलीत पट्टी बुडवायची. दोन रेघा उमटल्या तर माणूस साफ. एकच उमटली तर त्याने ती वस्तू घेतलेली आहे. लोकांना वाटतं एक रेघ बरी, दोन वाईट. उलटं आहे. तिथे एकटी रेघ वाईट.

आता हेही सांगायला पाहिजे की डॉक्टर शहाणे होते. त्यांनी तिन्ही रीतींचा एकमेकींशी मेळ घालून ठेवला होता. लघवीने वाईट सांगितलं तर लगेच फुली मारायची नाही, केसाला विचारायचं. केस नसेल तर घामाच्या पट्टीला. दोघांनी चांगलं सांगितलं तर लघवी चुकली असं धरायचं. एका पट्टीवर माणसाचं आयुष्य ठरवू नये, असं ते म्हणत. हैबतराव म्हणत, आयुष्य कुठलं, नोकरी.

त्या चाळीस जणांत गोविंदा होता.

हे मी सांगितलं तेव्हा विशालने गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने दुसरा अनारसा घेतला होता.

मिठागरं तेव्हाही बसतच चालली होती. गोविंदाला नोकरी लागली असती तर पहिल्यांदा त्यांच्या घरात बारमाही काम आलं असतं. सरूला दिवस गेले होते, आत झोपलेल्या नातवाचे. एवढंच होतं. मी त्याला फॉर्म आणून दिला, मीच भरला. कंपनीचा एक नियम होता: कामगाराचा नातलग भरतीला बसला तर कामगाराने तसं लिहून द्यायचं आणि त्या भरतीच्या कामाला हात लावायचा नाही. लिहून दिलं असतं तर माझ्या जागी दुसरा कंपाउंडर आला असता, गोविंदाकडे कुणी लक्ष दिलं नसतं. म्हणून मी लिहून दिलं नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. गोविंदाला बजावलं, काही झालं तरी माझं नाव कुठे घ्यायचं नाही. तो म्हणाला, नाय घेत.

आणि कंपनीत डोक्यावर टोपी घालावी लागते, पोरगा टापटीप दिसला पाहिजे, म्हणून पेणच्या न्हाव्याकडे मीच त्याला बसवला आणि मशीन मारायला सांगितली. डोकं असं झालं की वरून पाणी ओतलं तर थेंब थांबत नव्हता. तेव्हा केसांच्या रीतीबद्दल मला ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी कात्री आली. कात्रीत धरायला केस नव्हता.

त्याची घामाची पट्टीही लावणीत सुटली. त्याने ती खिशात घालून आणली, धुऊन. आईने धुतली होती, घाण दिसते म्हणून.

तेव्हा गोविंदासाठी लघवीच तेवढी उरली. आणि तो आषाढ अधिक होता.

रविवारी तो वाणाला आला, पहिलंच वाण. सीताबाईने त्याला मंगळवारपर्यंत ठेवून घेतला, मंगळवारी पहाटेच्या गाडीला इथून जवळ पडतं म्हणून. तेहतीस अनारसे. त्यातले घरी नेण्याएवढे उरलेच नाहीत. रविवारी खाल्ले, सोमवारी खाल्ले. सीताबाई खसखस नुसती लावत नाही, अनारशाला गोधडी पांघरावी तशी घालते. मंगळवारी एसटीत मी त्याला कागदात बांधून शेवटचे दोन दिले. रिकाम्या पोटी जाऊ नको म्हटलं. नागोठण्यापर्यंत आम्ही शेजारी बसलो. नागोठण्याला मी उठून पुढच्या सीटवर गेलो, कारण तिथे आमच्या शिफ्टची माणसं चढायची. मागून कागदाचा आवाज येत होता. तो खात होता.

विशालने हात ताटलीपासून आणखी मागे घेतला.

"पुढं सांग," मुसा म्हणाला. तो आता हसत नव्हता, पण तोंडात अनारसा असल्यामुळे तसं वाटलं असेल.

पुढे काय. दवाखान्याची खोली. अर्धी डॉक्टरची, अर्धी माझी, आणि दोन्हींच्या बाहेर एक बाकडं. खोली आणि बाकड्याच्या मध्ये पार्टिशन प्लायचं. इतकं पातळ की आत डॉक्टर शिंकले तर बाहेर बाकड्यावरचा माणूस खिशातला रुमाल काढून द्यायला उठायचा. एकदा आत डॉक्टरांनी कुणाला तरी श्वास रोखायला सांगितलं तर बाहेर बसलेल्या सहा जणांनी रोखला, एक जण निळा पडला. म्हणून माझी एक पद्धत होती. आत साहेब लोकांचं बोलणं सुरू झालं की मी माझ्या मोरीचा नळ सोडायचो आणि बाटल्या विसळायला घ्यायचो. आमच्या नळाला दाब असा होता की पत्र्यावर गोटे पडल्यासारखा आवाज यायचा. कंपाउंडरचं आपल्या बोलण्याकडे लक्ष नाही, असं साहेबांना वाटलं पाहिजे. नळ वाहतोय तोवर मी त्या खोलीत नसतोच, असं सगळे धरून चालायचे. मीसुद्धा.

गोविंदाच्या बाटलीत पट्टी मी बुडवली. बाकी सगळ्या रेघा जोडीने आल्या. अफूची एकटी आली. मी पाच मिनिटं थांबलो, मग आणखी पाच. पट्टी तीच राहिली. मला काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं असेल, पण ते कुठे वाटतंय ते कळेना. ती पट्टी मी डॉक्टरच्या टेबलावर ठेवली, माझ्या बाजूला आलो आणि नळ सोडला.

डॉक्टर म्हणाले, अफू. हैबतराव म्हणाले, लिहा. डॉक्टर म्हणाले, थांबा, ही पट्टी खसखशीनेही फसते, खसखस अफूच्याच बोंडातली. याने काल-परवा खसखस खाल्ली असेल तर हिला काही अर्थ नाही. केस असता तर केसाला विचारलं असतं. हैबतराव म्हणाले, उमेदवाराला विचारून उपयोग नाही, तो व्हयच म्हणणार. दुसरा कुणी सांगणारा असेल तर ऐकू. गोरा खुर्चीत बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होता. मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रघू, तुम्ही पेणचे. ह्या मुलाला ओळखता का? याने असं काही खाल्लंय का?"

इथे मी नेहमी थोडा थांबतो. त्या दिवशीही थांबलो. आत झारा थांबला होता आणि आता परत सुरू झाला नव्हता. सरू दारात येऊन उभी होती, हातांना खसखस लागलेली.

"मग?" विशाल म्हणाला.

मग काय, मी म्हटलं. मी नळ बंद केला. गच्च बंद केला. खोलीत अशी शांतता झाली की रोह्याच्या स्टेशनात मालगाडी उभी राहिलेली ऐकू आली. मी हात पुसले आणि म्हटलं, "साहेब, हा गोविंदा माझा जावई आहे. रविवारपासून याने माझ्या घरचे तेहतीस अनारसे खाल्लेत आणि त्यातले शेवटचे दोन मी माझ्या हाताने दिलेत. काढायचं असेल तर मला काढा."

हैबतराव खुर्चीतून उठले. म्हणाले, पुरावा? मी डबा उघडला. माझ्या डब्यात सीताबाईने चार अनारसे दिले होते. मी एक डॉक्टरांना दिला, एक हैबतरावांना, एक गोऱ्याला, एक मी खाल्ला. गोऱ्याने तो आधी कानाला लावून पाहिला, मग खाल्ला, मग म्हणाला, आणखी आहे का? दुपारी आम्ही चौघांनी चार बाटल्या भरल्या. चार पट्ट्या बुडवल्या. चौघांची एकेक रेघ. डॉक्टर अफूबाज. भरतीचे साहेब अफूबाज. गोऱ्या साहेबाची रेघ तर इतकी एकटी आणि इतकी लाल की ती बाटलीच्या बाहेरून दिसत होती. हैबतरावांनी आपलीच पट्टी हातात धरून विचारलं, आता मी स्वतःला कामावर ठेवू की काढू? गोरा त्याच रात्री विमानाने परत गेला, जाताना सीताबाईसाठी त्याच्या देशचं खसखशीचं बी देऊन गेला. ते परसात पेरलं होतं, बकरीने खाल्लं. बकरी तीन दिवस झोपली होती.

मुसा मोठ्याने हसला. विशाल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. नम्रता त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि स्वतःही हसत होती. मीही हसलो. गोष्ट चांगली उतरली होती, आजवर इतकी चांगली कधी उतरली नव्हती. मी कढईतून आलेला ताजा अनारसा उचलला. तूप अजून उकळत होतं त्याच्यावर. बोटांना काही कळलं नाही.

"रघू, बकरीचं नवीन हाय," मुसा म्हणाला. "ते मागं नव्हतं."

विशालने डोळे पुसले. मग पाण्याचं भांडं खाली ठेवता ठेवता त्याने साधेपणाने विचारलं, जसं कुणीही विचारलं असतं. "पण मामा, एवढं तुमी सगळ्यांसमोर सांगितलंत, तरी गोविंदादादांना घेतलं कसं नाय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. दोन आहेत. एक, ती सगळी भरतीच रद्द झाली. दुसरं, पत्र निघालं होतं पण नागोठण्याला अंबा नदीला पूर आला आणि टपालाची थैली वाहून गेली. दुसरं जास्त चांगलं आहे, त्यात मी पोहतो. मी ते सांगायला तोंड उघडलं.

गोविंदाने विशालच्या ताटलीतला अनारसा उचलला होता. त्याची खसखस तो खरवडत होता, कडेकडेने, सावकाश. सगळी निघाली. त्याने तो उलटा करून एकदा बघितला आणि विशालच्या ताटलीत परत ठेवला. खाली पडलेले दाणे हाताने एका जागी केले.

"मामा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाला. "मी भायेर बाकड्यावर व्हतो. डॉक्टरांनी दोनदा इचारलं, ते ऐकलं मी. नळ बंद झालाच नाय."